यात किती ग्रोस

आई घरी बसून कंगवे साफ करते.
धारावीतल्या साच्यांतून माल पोत्यानं येतो,
चुनाभट्टीच्या आमच्या खोलीत पसरतो,
आणि ती अर्ध्या ब्लेडनं दात्यादात्याच्या कडेची
फालतू पापडी खरवडत राहते.
हिशेब ग्रोसवर. एकशे चव्वेचाळीस नग.
दाता तुटला की नग वजा.

मीही कंगवेच करते, माटुंग्याला.
फक्त ते दिसत नाहीत.

आधी कणा. लांब, एकसारखा.
कण्याच्या मणक्यामणक्यावर एकेक ब्रोमीन बसवायचं
आणि मग तिथूनच
स्टायरीनचे दाते उगवू द्यायचे.
वास असा, की घरी आल्यावर
आई आंघोळीचं पाणी आधीच काढून ठेवते.

दाते सारख्या लांबीचे हवेत, हीच सगळी मारामारी.
तांबं येतं, टोकावरचं ब्रोमीन अलगद उचलतं,
टोक जागं होतं, एकदोन रेणू गिळतं,
तेवढ्यात तांबं ब्रोमीन जागेवर ठेवतं.
नीज आता.
कोटी टोकं, आणि एका वेळी जागी
बोटांवर मोजण्याइतकी.
म्हणून कुणी फार पुढं जात नाही,
कुणी फार मागं राहत नाही.
शेवडे बाई म्हणतात, वाढवणं कुणालाही जमतं,
झोपवणं शिक.

वैरी एकच, हवा.
द्रव नायट्रोजनमध्ये गोठव, पंपानं उपस, वितळव,
पुन्हा गोठव. तीनदा.
तरी सातवी खेप सकाळी हिरवी निघाली,
तपकिरी असायला हवी होती.
तळमजल्यावर काच फुंकणारे पास्कल तुस्कानो
वसईहून पहाटे निघून आठला भट्टी पेटवतात.
त्यांनी फ्लास्कचा नळ उजेडात फिरवला,
नखानं एक रेघ दाखवली,
केसाहून बारीक.
‘इथनं शिरला तुझा चोर.’

नळ बदलला. आठवी, नववी, दहावी.
आता आलेखाला खांदा यायला लागला,
उंच शिखराच्या कडेला एक नको असलेला उंचवटा.
जेवत का नाहीस, असं आईनं विचारलं
तेव्हा मोबाइलवर तोच दाखवला.
‘दोन कंगवे एकमेकांत अडकलेत.
दात्याचं टोक दुसऱ्याच्या दात्याला चिकटलंय.’
‘मग तुझे पण वजा करतात?’
‘एकेक कुठं दिसतोय वजा करायला.
अख्खी खेप जाते.’
तिनं ब्लेड बदललं. बोलली काहीच नाही.

उपाय पुस्तकात होता, मला ठाऊकही होता.
शंभर रेणू घालायचे
आणि दहा लागले की थांबायचं.
गर्दी व्हायच्या आत.
उरलेले नव्वद तसेच सोडून द्यायचे.
हेच जमत नव्हतं.
आमच्याकडे भांड्याला लागलेलं वरणसुद्धा
पाणी फिरवून पितात.
दरवेळी वाटायचं, अजून एक तास,
एवढं महागाचं स्टायरीन,
अजून एक तास.

बारावी खेप.
नव्वद अंश, चार तास, आणि मी
घड्याळाकडे न बघता
झाकण उघडलं. हवा आत सोडली.
तपकिरी रंग कडेकडेनं हिरवा होत गेला.
या वेळी हिरवा मी केला होता.

मग गार मिथेनॉलमध्ये थेंब थेंब.
पांढरं काहीतरी भुरभुरत खाली बसलं.
गाळलं, वाळवलं, तोललं.
तीनशे मिलिग्रॅम.

बाईंना विचारून चिमूटभर कुपीत घरी आणलं.
आईनं हात पदराला पुसले,
कुपी ट्यूबलाइटखाली धरली, हलवली,
कानाशी नेऊन पुन्हा हलवली.
‘यात किती ग्रोस?’

मी मालाच्या चिठ्ठीमागे आकडे मांडायला घेतले.
शून्यं चिठ्ठीच्या कडेपर्यंत गेली,
तिथून पोत्यावर.
‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘अडकलेले किती, ते सांग.’

आलेखावर अजून एक बारीक पदर होता खरा.
‘शंभरात तीन.’
‘चालतात?’
‘चालतात.’

कुपी तिनं देवाजवळ नाही,
कंगव्यांच्या वजनकाट्याशेजारी ठेवली.
‘तुझा शेठ बरा आहे,’ म्हणाली,
आणि पुढचा नग उचलला.